बरोबरीच्यांचा शोध सुरू आहे

आमच्या दादाला आयुष्यात कुणी बरोबरीचा भेटला नाही, असं त्याचं स्वतःचं मत आहे. पुढे हेच मत त्याच्या कॉम्प्युटरनेही पडद्यावर लिहून दाखवलं, आणि त्यावरून घरात जो तमाशा झाला तो मी निस्तरला. माझ्याशिवाय निस्तरणार कोण? मोठा तो दादा, धाकटा तो धाकटा, आणि मी मधली. घरात मला हाकसुद्धा तशीच मारतात, "ए मधले!"

दादा सिनेमाच्या थिएटरात ऑपरेटर होता. ऑपरेटर म्हटलं की लोकांना टेलिफोन आठवतो नाहीतर शस्त्रक्रिया, म्हणून सांगते. प्रेक्षकांच्या डोक्यामागे, वर, भिंतीला चौकोनी भोकं असलेली एक गरम खोली असते. तिथून पडद्यावर चित्र पाडणारा तो ऑपरेटर. दादाने त्या खोलीत उभी हयात काढली, आणि ती खरोखर उभ्याने काढली, कारण तिथे स्टूल एकच होतं आणि त्यावर रिळांचे डबे ठेवलेले असत. मशीनच्या खडखडाटात बोलून बोलून त्याचा आवाज असा झालाय की न्हाणीघरातून त्याने टॉवेल मागितला तर शेजारची बाई दार उघडते. लग्न केलं नाही. संध्याकाळी खेळ, रात्री खेळ, दुपारी झोप. "बायकोला भेटू कधी, मध्यंतरात?" असं विचारायचा. थिएटर बंद पडलं, मशीन भंगारात गेलं, आणि दादा घरी येऊन आईजवळ राहिला.

धाकटा त्याचाच चेला. थिएटरात मशीनं दोन. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका येतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनवरच्याने आपलं रीळ सोडायचं. प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही. एका मशीनवर दादा, दुसऱ्यावर धाकटा, अशी कित्येक वर्षं सुखाने गेली. मग एकदा भर गर्दीच्या खेळाला पडदा पांढराफटक पडला. नायिका पाण्यात उडी मारणार तेवढ्यात पाणीही नाही आणि नायिकाही नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या, खुर्च्या वाजवल्या, मालक धापा टाकत जिना चढून वर आला. दादा म्हणाला, ठिपका आला होता, याने पाहिला नाही. धाकटा म्हणाला, ठिपका आलाच नव्हता. रीळ जोडताना दादानेच तो कापून टाकला होता. त्या ठिपक्याचा निकाल आजतागायत लागलेला नाही. धाकट्याने काम सोडलं, दुसऱ्या गावी जाऊन लाउडस्पीकरचा धंदा काढला, आणि दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं.

बोलणं टाकलं म्हणजे मला कामाला लावलं. दादा मला फोन करणार, "त्याला सांग, आईचा चष्मा बदललाय." मी धाकट्याला फोन करणार. धाकटा म्हणणार, "त्याला सांग, मला आईने आधीच सांगितलंय." मी पुन्हा दादाला. दादा म्हणणार, "मग मला सांगायला कशाला लावलं?" कुणी लावलं होतं? एकदा आईच्या वाढदिवसाला दोघं माझ्याकडे समोरासमोर जेवायला बसले होते. मीठ दादाच्या ताटाजवळ. धाकटा मला म्हणाला, "मधले, त्याला म्हणावं मीठ सरकव." मी स्वयंपाकघरात होते. तिथून येऊन, हात पुसून, मी ते मीठ वीतभर सरकवलं.

मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. गाल सुजून डोळा झाकला गेलेली माणसं तिथे येऊन "तसं विशेष काही नाही" म्हणतात. त्यामुळे माझे भाऊ मला चांगले कळतात, पण कळून उपयोग काय, त्यांना गुंगीचं इंजेक्शन देता येत नाही.

तर आता मूळ भानगड. दादाने तरुणपणी जुना सिनेकॅमेरा विकत घेतला होता. घेतला, आणि घरात चित्रीकरणालायक माणूस कोण, तर बाबा. बाबा दारात बसून स्टुलाचा पाय ठोकत होते. दादाने त्यांच्यावर अख्खं रीळ खर्च केलं. कॅमेरा मुका. पण धाकट्याने त्याच दुपारी आपला टेपरेकॉर्डर खिडकीत ठेवून दिला होता, कारण दादाने काही केलं की त्यानेही काहीतरी करायचं. म्हणजे बाबांचं चित्र दादाकडे आणि आवाज धाकट्याकडे. भांडण झालं तेव्हा ज्याचं त्याने आपापलं उचललं.

बाबा गेल्याला बराच काळ झाला. आई ते रीळ पुन्हा पुन्हा बघते. बाबा ठोकतात, ठोकतात, खिळा तोंडातून काढतात, आणि अगदी शेवटी मान वर करून कॅमेऱ्याच्या मागे बघत काहीतरी बोलतात. मागे आई उभी होती. तोंड हलतं, आणि रीळ संपतं. काय म्हणाले ते आईला आठवत नाही. दादाचं म्हणणं, "पुरे कर आता" म्हणाले. धाकट्याच्या टेपवर अख्खी दुपार आहे: ठोकाठोकी, खोकला, भांडी, बाबांची पाच-पंचवीस वाक्यं. त्यातलं रिळाच्या शेवटचं कुठलं, ते चित्र बघितल्याशिवाय सांगणार नाही म्हणाला.

"तुझे बाबा माझ्याशी जन्मभरात बोलले किती?" आई मला म्हणाली. "त्यातलं एक वाक्य इथे आहे, आणि तेच ऐकू येत नाही."

त्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आईचा उजवा कान गेलेला आहे आणि डावा निघालाय. जे काही ऐकवायचं असेल ते लवकर ऐकवा, मशीन लावून फार काळ भागणार नाही.

मी दोघांना फोन केला. दादाने रीळ आधीच एका लॅबमधून कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं, आणि धाकट्यानेही टेप उतरवली होती. झालं, मी म्हटलं, पेनड्राइव्ह आणा, मी जोडते. दादा म्हणाला, "आधी त्याचा आवाज येऊ दे." धाकटा म्हणाला, "आधी त्याचं चित्र येऊ दे." ईमेलने पाठवायला दोन्ही फाइली अवाढव्य, आणि लहान करायला दोघंही तयार नाहीत. धाकटा म्हणतो आवाज दाबला की मरतो, दादा म्हणतो चित्र दाबलं की बाबांच्या नाकाचा बटाटा होतो. एखाद्या कंपनीच्या जागेवर चढवून ठेवा म्हटलं, तर दादा गरजला, "माझ्या बापाला परक्याच्या कपाटात ठेवणार नाही!"

आमच्या दवाखान्यात एक्स-रेचं मशीन आणि त्याचा कॉम्प्युटर सांभाळायला एक गृहस्थ येतात. त्यांना सगळे एक्स-रेवालेच म्हणतात. जगाच्या दातांचे फोटो काढणाऱ्या या माणसाचे स्वतःचे दात असे की आमचे डॉक्टर त्यांच्याशी बोलताना खिडकीबाहेर बघतात. त्यांना मी सगळी कथा सांगितली.

"सोपं आहे ताई," ते म्हणाले. "एक प्रोग्राम दोन्ही घरी टाकायचा. मग या घरचा कॉम्प्युटर थेट त्या घरच्या कॉम्प्युटरशी बोलतो. फाइलीचे तुकडे होतात, इकडचे तिकडे, तिकडचे इकडे, एकाच वेळी. आधी कुणी द्यायचं हा प्रश्नच येत नाही."

"आणि मध्ये कोण असतं?"

"मध्ये कुणीच नसतं. तेच तर त्याचं वैशिष्ट्य."

मी त्यांना दोनदा चहा दिला.

दादाला सांगितलं तर तो उठून उभाच राहिला. हा प्रोग्राम म्हणजे सिनेमे चोरायचं हत्यार, याच चोरांनी त्याचं थिएटर बुडवलं, आणि आता तेच त्याच्या घरात? मी म्हटलं, "बाप आपला, कॅमेरा तुझा, स्टूल आपलं. चोरी कुणाची करतोयस?" त्यावर तो खाली बसला, पण स्टूल भाड्याच्या घरातलं होतं असं पुटपुटला.

प्रोग्राम उतरवून घेतला. सुरुवातीला तो लांबलचक करार दाखवतो आणि खाली "मी सहमत आहे" असं बटण असतं. सगळं जग ते न वाचता दाबतं. दादाने वाचलं. चष्मा लावून, मोठ्याने, ओळीवर बोट ठेवून वाचलं. जेवणासाठी थांबला आणि परत वाचलं. मग म्हणाला, "नवव्या कलमाशी मी सहमत नाही." त्याने "मी सहमत नाही" दाबलं. प्रोग्राम मुकाट बंद झाला.

"मग विचारता कशाला?" दादा कॉम्प्युटरला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सहमत झाला. पण भाषा निवडताना यादीत मराठी दिसली आणि त्याने ती निवडली, तिथेच आमचं नशीब फिरलं. हे मराठी कुणी केलं असेल त्याला एकदा भेटायची माझी इच्छा आहे. त्या माणसाने शब्दकोश उघडून, एकही शब्द न सोडता, सूड घेतल्यासारखं भाषांतर केलं होतं. पडद्यावर आलं, "आपले बंदर उघडे नाही."

"इथे समुद्र कुठे आहे?" दादा म्हणाला.

मी एक्स-रेवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, बंदर म्हणजे 'पोर्ट', बाहेर जायची वाट. ती उघडायची कशी तेही सांगितलं. मग पडद्यावर दुसरी चौकट आली, "अग्निभिंत या प्रोग्रामला अडवत आहे. भिंतीतून वाट द्यावी का?" इथे दादाचा चेहराच बदलला. त्यांच्या खोलीत आगीची भीती मोठी. रीळ पेटलं की खालचे लोक भाजू नयेत म्हणून त्या भोकांवर लोखंडी झडपा असत. आग दिसली की आधी झडप पाडायची आणि मग स्वतः पळायचं, हे त्याच्या अंगात भिनलेलं. त्याने शांतपणे "नाही" दाबलं. म्हणाला, "आगीच्या भिंतीला हात लावायचा नाही."

मग आम्ही वाट बघत बसलो. काही होईना. मी धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, "माझं सगळं तयार आहे, त्याचंच काहीतरी अडलंय." एक्स-रेवाले म्हणाले, ही भिंत म्हणजे फायरवॉल, ती दोन्हीकडे बंद दिसतेय. मी धाकट्याला विचारलं, तुला चौकट आली होती का? आली होती म्हणे. मग काय दाबलंस?

"नाही म्हणून दाबलं," तो म्हणाला. "आगीच्या भिंतीला हात लावायचा नाही."

एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही. मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. शेवटी मी दादालाच विचारलं, "तुमच्या खोलीच्या भिंतीला भोकं होती ना? नसती तर पडद्यावर चित्र गेलं असतं कसं?" दादाने बराच विचार केला. "झडपेसकट भोक असेल तर चालेल," म्हणाला. एक्स-रेवाल्यांनी झडप असल्याची ग्वाही दिली. मग दादाने "हो" दाबलं, आणि मी फोन करून तेच व्याख्यान धाकट्यालाही दिलं. तोही विचार करून म्हणाला, झडप असेल तर हरकत नाही.

आता कॉम्प्युटर कामाला लागला. पडद्याच्या तळाशी ओळ आली, "बरोबरीच्यांचा शोध सुरू आहे." थोड्या वेळाने, "बरोबरीचा सापडला नाही."

"हे मला याने सांगायला नको," दादा म्हणाला. पण खुश झाला. दोनदा वाचलं.

प्रत्येक कॉम्प्युटरला या प्रोग्रामात एक लांबलचक सांकेतिक नाव असतं. धाकट्याचं नाव मी फोनवर ऐकून अक्षर अक्षर लिहून घेतलं होतं, ते दादाने टाइप केलं. कॉम्प्युटरने क्षणभर विचार केला आणि चौकट आली, "हा आपल्या बरोबरीचा आहे. मान्य? अमान्य?"

दादा मागे टेकला. "हा? माझ्या बरोबरीचा?"

"दादा, तो नुसता शब्द आहे."

"याला मशीनला तेल घालायला मी शिकवलं. याला रीळ चढवताना बोटं कुठे ठेवायची ते मी शिकवलं. धाकटा आहे तो. धाकटा बरोबरीचा कसा होईल? गणितात तरी बसतं का?" आणि मी हात धरायच्या आत त्याने "अमान्य" दाबलं.

पाचच मिनिटांत माझा फोन वाजला. धाकटा. "वाचून दाखवू तुला काय आलंय इथे? 'समोरच्याने आपणास बरोबरीचा मानण्यास नकार दिला आहे.' इतकी वर्षं मनात होतं, आज लेखी दिलं त्याने!"

मी एक्स-रेवाल्यांना विचारलं. ते हसून हसून खोकायला लागले. म्हणाले, भाषा बदला, इंग्रजीत तो नुसता 'पीअर' आहे, म्हणजे जोडलेला दुसरा कॉम्प्युटर, तिथे असं काही वाटत नाही. दादाला सांगितलं. तो म्हणाला, "भाषा बदलली म्हणून अर्थ बदलतो का?" मी भाषेचा नाद सोडला.

मग दोघांनी, वेगवेगळ्या गावी बसून, एकमेकांना न विचारता, एकच युक्ती केली. आधी करून बघावं म्हणून मी तो प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर टाकला होता. दादाने माझं सांकेतिक नाव टाकलं आणि मला मान्य केलं. धाकट्यानेही मला मान्य केलं. माझ्या पडद्यावर आलं, "दोघांनी आपणास बरोबरीची मानले आहे." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दादाने मला उभ्या आयुष्यात कशातच बरोबरीची मानलं नव्हतं, रस्ता ओलांडतानाही अजून माझं मनगट धरतो. मी एकटीच हसले आणि दवाखान्यात गेले.

परत आले तर लॅपटॉप तापून फणफणलेला. इकडून अर्धे बाबा, तिकडून अर्धे बाबा, आणि पडद्यावर, "जागा शिल्लक नाही." माझा लॅपटॉप जुना, लहान. माझे सहलीचे फोटोसुद्धा त्यात दाटीवाटीने राहतात. दोन्ही फाइली अर्ध्यावर अडकल्या होत्या आणि कुठलंच बटण हलत नव्हतं. तेवढ्यात दादाचा फोन, "त्याला सांग, त्याच्यामुळे थांबलंय." ठेवते न ठेवते तोच धाकट्याचा, "त्याला सांग, माझ्याकडून सगळं चालू आहे."

माझं डोकं फिरलं. मी दोघांना पाळीपाळीने जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सारांश असा की माझ्या पोटात आता जागा उरलेली नाही, लॅपटॉपच्याही नाही आणि माझ्याही नाही. तुमचे निरोप, तुमचं मीठ, तुमचा ठिपका, सगळं तुमच्याजवळ ठेवा. आई बहिरी झाली की मग दोघं मिळून तिला खुणांनी सांगा तिचा नवरा काय म्हणाला ते. मी तो प्रोग्राम काढून टाकला आणि लॅपटॉप बंद केला. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. राग आला की मला रडू येतं, त्याचाही मला राग येतो.

दोन-तीन दिवस मी कुणाचाच फोन घेतला नाही. रविवारी आईला बघायला गेले. आई खिडकीशी बसून शेंगा सोलत होती, डावा कान दाराकडे. दादा दारात उभा राहून म्हणाला, "आई, चहा." दादाच्या आवाजात. समोरच्या इमारतीतला एक माणूस वळून बघायला लागला. आई शेंगा सोलत राहिली.

दादा पुन्हा म्हणाला, "आई!" आईने एक शेंग निवडून बाजूला टाकली.

दादा तिथेच थांबला. नंतर जाऊन त्याने तिच्या खांद्याला हात लावला, तशी ती दचकली आणि हसून म्हणाली, "अरे, हाक मारायची नाही का?"

दादाने चहा तिच्यापुढे ठेवला आणि आतल्या खोलीत गेला. मी साखर आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. खरं म्हणजे मला त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. थोड्या वेळाने माझा फोन वाजला. धाकटा होता, आणि आवाज अगदी बारीक.

"मधले, इथे आलंय, 'समोरच्याने आपणास बरोबरीचा मानले आहे.' हे तू दाबलंस?"

"मी स्वयंपाकघरात आहे."

"खरं सांग. त्यानेच दाबलं?"

"माझ्या हातात साखरेचा डबा आहे रे."

तो "बरं," म्हणाला. मग तिकडून बटण दाबल्याचा टिक असा आवाज मला ऐकू आला.

तुकडे यायला लागले. पडद्यावर लांब पट्टी होती, आणि तिच्यात इथे एक, तिथे एक असे निळे ठिपके भरत होते. क्रमाने नाही, शेवटचा तुकडा आधी, मधला नंतर. दादा स्टूल घेऊन समोर बसला तो उठेचना. मी म्हटलं, जेवून घे, ते आपोआप होतं. "चालू मशीन सोडून ऑपरेटर जात नाही," म्हणाला. मी ताट तिथेच नेऊन दिलं. मधेच वेग मंदावला तर दादा स्वतःशीच म्हणे, "तिकडे लाइन दमली असेल. घेऊ दे दम." हे शब्द मी कुठेही पोचवायचे नाहीत, असं त्याने बजावलंही.

दोन्ही फाइली पुऱ्या झाल्या तेव्हा दादाने लगेच काही लावलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आईची खुर्ची पडद्यासमोर मांडली आणि तिच्या डाव्या बाजूला, कानापासून हातभर अंतरावर, थिएटरातून आणलेला जुना स्पीकर ठेवला. तो स्पीकर लावला की कपाटातली भांडी बोलायला लागतात. चित्र आणि आवाज जुळवायला त्याने हातोडीचा घाव पकडला: चित्रात हातोडी खिळ्याला लागते तो क्षण, आणि टेपवर "ठक" होतो तो क्षण. शेवटून मागे येत येत त्याने बरोबर तो ठक शोधून काढला. मी धाकट्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि हातात धरून आईमागे उभी राहिले. तिकडे धाकटाही आपल्या घरी पडद्यासमोर बसला होता. दादाने माझ्याकडे बघून मान हलवली आणि सुरू केलं.

बाबा ठोकायला लागले, आणि ठोकण्याचा आवाज आला. एवढंच. इतकी वर्षं ती हातोडी कापसावर पडत होती. बाबा खोकले. कुठेतरी भांडं पडलं. कुणीतरी, बहुधा मीच, कशावरून तरी किरकिरत होतं. आई पुढे झुकून बसली होती, डावा कान स्पीकरकडे आणि डोळे पडद्याकडे, त्यामुळे तिची मान वाकडी झाली होती. दादाने आवाज आणखी चढवला. शेजारची बाई तिच्या दारात आली.

बाबांनी खिळा तोंडातून काढला, ठोकला, स्टूल हलवून बघितलं. मग मान वर केली, कॅमेऱ्याच्या मागे बघितलं आणि म्हणाले,

"अगं, गॅस बंद केलास का?"

आणि रीळ संपलं.

 एवढं सगळं करून हे? दादानेही मान खाली घातली.  आईला काय सांगायचं, ती किती आशेने बसली होती, असं माझ्या मनात येतंय तोवर आई म्हणालीच.

"केला हो, केला."

अगदी रोजच्यासारखं म्हणाली. थोडं वैतागून, थोडं हसून. आणि मग तिला काय वाटलं कोण जाणे, खुर्चीच्या दांडीला धरून उठली, पदर सावरला आणि बघून यायला स्वयंपाकघरात गेली.

दादा तसाच बसून होता. पडदा पांढरा झाला होता. माझ्या हातातल्या फोनमधून धाकट्याचा आवाज आला, जरा घोगरा.

"दादा, बंद होता का गॅस?"

दादाने वळून स्वयंपाकघराकडे बघितलं. आई गॅसच्या बटणावर हात ठेवून उभी होती.

"होता," दादा म्हणाला. "बंदच होता."

मी मध्ये बोलले नाही.